पाचव्या माळेचा दिवा

जळालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "किती टक्के?" मी दहावी नापास. माझे टक्के एवढ्या लोकांनी आणि इतक्या काळजीनं आयुष्यात पहिल्यांदाच विचारले. बावीस. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत, डावी कूस, आणि उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत.

हे मी त्याच हातानं लिहिते आहे. सावकाश लिहिते, अर्ध्या पानावर थांबते, बोटं ताणते आणि पुन्हा लिहिते. गेल्या महिन्यात तपासणीला सांगलीला गेले होते. तिथं बाकावर बसलेल्या एका बाईनं माझा हात बघून विचारलं, "ताई, भ्या कवा जातं वो?" तिच्या मुलीला भाजलं होतं. मला तिला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं, निदान काय काय झालं ते तरी खरं लिहावं. खरं म्हणजे, जे मी पोलिसांनाही सांगितलं नाही तेसुद्धा.

खिडकी

रहिमतपुरात मला सगळे शोभाकाकी म्हणतात. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. तीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे. घरात आम्ही तिघं. मी, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले आमचे मालक, आणि सून अश्विनी. ती तासगावकडची. मला आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडची जुनी रीत. मुलगा विशाल फौजेतच आहे. तो तेव्हा बॉर्डरला होता.

नवरात्रात आमच्याकडे घट बसतो. कुलदैवत औंधची यमाई. देव्हारा स्वयंपाकघरात, त्याच्या खाली जमिनीवर पाट, पाटावर घट आणि शेजारी समई. रोज घटाला एक माळ, आणि समई नऊ दिवस विझू द्यायची नाही. विशालचा रोज दिवेलागणीला फोन यायचा आणि तो पहिलं विचारायचा, "दिवा हाय न्हवं गं?" मी म्हणायचे, "हाय की." मग तो बाकीचं बोलायचा. त्या 'हाय की'वर त्याचा दिवस आणि माझी झोप चालायची.

दिव्याला वारा लागू नये म्हणून मी नऊ दिवस स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचे. मागचं दारही. पंखा बंद. सासूबाईही तसंच करायच्या. पण सासूबाईंच्या वेळी चूल होती, ही गोष्ट माझ्या डोक्यात तीस वर्षांत एकदाही आली नाही.

पाचव्या माळेच्या दिवशी दुपारी साडेचारला भगर शिजत असताना गॅस संपला. मी भरलेली टाकी ओढली, झाकण काढलं, रेग्युलेटर बसवला. तो नीट बसेना. बटण फिरवलं की आतून स्स्स असा आवाज यायचा. आत रबराचा वॉशर असतो, तो आहे की नाही हे झाकण काढल्याबरोबर बघायचं असतं. मी बघितलं नव्हतं. मी रेग्युलेटर काढायचे, दाबायचे, पुन्हा फिरवायचे. घाई होती. मशीनवर दोन गिऱ्हाइकांचे ब्लाऊज पडले होते.

अश्विनी दारात आली. "आत्या, लय वास येतोय. खिडकी उघडू का?"

"नगं. दिवा जाईल."

"मग दिवा तरी शांत करूया. टाकी बसली की परत लावू."

मी जे बोलले ते आज लिहायलाही नको वाटतं. "नवरा बॉर्डरला हाय आन् तू दिवा शांत करतीस? तुझ्या माहेरी चालत आसंल. एवढं भ्या वाटतंय तर जा आंगणात जाऊन बस."

ती गेली. गेली म्हणून वाचली. मी मात्र वाकून त्या टाकीशी झटत राहिले. समई माझ्यापासून दोन हातांवर, जमिनीलगत. गॅस जड असतो आणि खालीच साठतो, हे मला नंतर वॉर्डात कळलं.

लेट जा

स्फोट वगैरे झाला नाही. 'भप्' एवढाच आवाज, आणि फरशीवरून निळं काहीतरी पाण्यासारखं पसरत माझ्या पायांवर आलं.

आता साडीचं सांगते. त्या दिवसाचा रंग मोरपंखी. हल्ली नऊ दिवसांचे नऊ रंग असतात, गल्लीतल्या बायका फोटो काढतात. एरवी घरात मी सुती साडीशिवाय नेसत नाही. पण मोरपंखी सुती माझ्याकडे नव्हती. नणंदेनं दिलेली एक झुळझुळीत होती, ती नेसले. मी शिंपीण. दोरा सुती आहे की पॉलिस्टर हे आम्ही काडी लावून बघतो. सुती जळून राख होतो, पॉलिस्टर आक्रसतो, त्याची गोळी होते आणि ती चिकटते. हे मी हजार वेळा बोटांनी बघितलेलं. तरी पेटत्या विस्तवाशी काम करताना अंगावर तेच कापड होतं. ब्लाऊज तेवढा सुती होता, म्हणून छाती वाचली.

मी पळाले. पळायचं नसतं, पण माणूस पळतंच. पुढच्या खोलीतून मालक आले आणि अशा आवाजात ओरडले की मी जागच्या जागी थिजले. "लेट जा! लेट जा म्हनतो न्हवं!" फौजेतलं हिंदी घरात आणायचं नाही असं मी त्यांना पंचवीस वर्षं बजावत आले होते. मी आडवी झाले. त्यांनी फौजेचं जाड कांबळं माझ्यावर टाकलं आणि मला फरशीवर लोळवलं. मग ओली गोधडी टाकीवर टाकून बटण बंद केलं.

अश्विनीनं अंगणात मला धरून बसवलं, आणि नळाखाली माझा हात धरला. नुसतं पाणी, साधं, वाहतं. माझ्या हिरव्या बांगड्या तिनं तिथंच फोडल्या, अंगठी साबण लावून काढली. मी ओरडत होते, "बांगड्या नगं, नवरात्र हाय!" ती रडत होती, पण हात सोडत नव्हती. शेजारच्या एक काकी टूथपेस्टची ट्यूब घेऊन धावत आल्या. चांगुलपणानं आल्या होत्या. अश्विनीनं त्यांना हातापाशी फिरकू दिलं नाही. काकींनी तेवढ्यात माझ्या पायाला मात्र पेस्ट फासलीच. ती पेस्ट दवाखान्यात पायावरून खरवडून काढली, तेव्हाची माझी किंकाळी साताऱ्यातल्या त्या नर्सला अजून आठवत असेल.

गाडीत मी मालकांना विचारलं, "दिवा?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाय. चालू हाय."

सांगली

साताऱ्यात दोन दिवस ठेवून मला सांगलीला हलवलं. तिथं जळिताचा वेगळा वॉर्ड होता. मला वाटलं होतं, भाजलं म्हणजे मलम लावतील, पट्टी बांधतील, दिवाळीच्या आधी मी मशीनवर. दिवाळी हा आमचा खरा हंगाम.

तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली. मी पहिल्यांदा हात बघितला. तो माझा नव्हता. सुजून फुगलेला, कुठं पांढरा, कुठं काळपट, बोटं एकमेकांना टेकलेली. डॉक्टरांनी एका बोटाला टोचून विचारलं, "कळतंय?" कळत नव्हतं. दुसऱ्याला. नाही. अंगठ्याला टोचलं तेव्हा मी ओरडले आणि ते चक्क हसले. "ओरडा, ओरडा. दुखतंय ते चांगलं आहे."

मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागेल, असं ते म्हणाले. मी एवढंच विचारलं, "सायेब, कात्री धरता येईल का?"

"आज सांगता येणार नाही. बोटं आखडू शकतात. सगळं तुमच्यावर आहे."

तो माझ्या आजारपणातला सगळ्यात वाईट दिवस. आग लागली तो नाही, हा. आगीच्या वेळी घाबरायला सवड नव्हती. इथं मी पलंगावर पडून छताकडे बघत होते आणि मला आतून थंडी वाजत होती. कात्री धरता येणार नसेल तर मी कोण? मालकांचं पेन्शन आहे, उपाशी कुणी मरणार नव्हतं. पण मला ब्लाऊजशिवाय दुसरं काही येत नाही. माणसं मला तोंडानं कमी आणि शिवणीनं जास्त ओळखतात.

जाता जाता डॉक्टर म्हणाले, "हातावर पाणी कोणी ओतलं?"

"सुनेनं."

"तिला सांगा, हात वाचला तर तिच्यामुळं. पायापेक्षा हात कमी खोल गेलाय."

अश्विनी दाराशीच उभी होती. मी मान वळवून घेतली.

पुढचे दिवस ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर चालले. एक दिवसाआड सकाळी ट्रॉलीचं एक चाक करकरत यायचं आणि तो आवाज कॉरिडॉरच्या टोकाला आला की वॉर्डातल्या आम्ही सगळ्या बायका गप्प व्हायचो. पहिल्या पलंगावरून सुरू करायचे. माझा पाचवा. चार जणींचं ओरडणं ऐकून मग माझी पाळी. एकदा मी नर्सला म्हणाले, "माझ्यापासनं सुरू करा, ह्यांचं ऐकून मी निम्मी मरती." तिनं खरंच पुढच्या ड्रेसिंगपासून उलटं सुरू केलं. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. आणि जखमा भराव्यात म्हणून रोज चार अंडी. तीही नवरात्र उठायच्या आधीपासून. नर्स म्हणाली, "देवी रागावली तर माझं नाव सांगा."

जबाब

भाजलेली बाई आली की पोलिसांना कळवावंच लागतं. दोघे आले. अश्विनीला बाहेर काढलं. एकानं वही उघडली.

"सुनेशी काही वाद?"

"न्हाई."

"आग लागली तेव्हा सून कुठं होती?"

"आंगणात."

त्यानं मान वर करून बघितलं. "तुम्ही आत, ती बाहेर?"

मी म्हणाले, "टाकीला वॉशर नव्हता. तेनं झालं." हे खरं होतं. त्यानं लिहून घेतलं आणि डाव्या हाताचा अंगठा घेतला. खिडकीचं मी बोलले नाही. दिव्याचं बोलले नाही. तिनं दोनदा सांगितलं होतं आणि मी तिला हाकललं होतं, हेही नाही.

का नाही बोलले? लाज वाटली. आणि भीती, तीही दोन तऱ्हेची. लोक म्हणतील, म्हातारीनं स्वतःच्या हातानं घर पेटवलं. आणि देवीची, की ज्या दिव्यासाठी एवढं केलं त्यालाच दोष देऊ?

दोन दिवसांनी नणंद भेटायला आली. टक्के विचारून झाल्यावर वाकून हळूच म्हणाली, "वैनी, गावात लय बोलत्यात. सून बरी निसटली म्हनं. खरं काय ते सांग."

मी डोळे मिटून घेतले. दुखतंय असं दाखवलं. खरं तर त्या वेळी काहीच दुखत नव्हतं.

इनबाईंचा डबा

अश्विनीची आई, माझी विहीण, तासगावकडच्या गावाहून एक दिवसाआड डबा घेऊन यायची. दोन एसट्या बदलून. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून आणायची, कारण उजवा हात बांधलेला आणि डाव्या हातानं मला घास घेता येत नव्हता. ती भरवायची. बोलायची कमीच. तिच्या लेकीबद्दल काय बोललं जात होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं असणार हे मला माहीत होतं. तासगाव काही विलायतेत नाही.

एके दिवशी भरवता भरवता तिचा हात थांबला.

"इनबाई, एक इचारू?"

"इचारा की."

"माझ्या लेकीचं काय चुकलं आसंल तर मला सांगा. मी तिला घिऊन जाते. पर तुमी बोलत न्हाई, ती बोलत न्हाई. घरात नुसती रडतीया."

घास माझ्या तोंडात होता. मग जे आलं ते सगळंच आलं, खोकला, रडं आणि बोलणं एकदम. खिडकी सांगितली. दिवा सांगितला. "जा आंगणात" म्हणाले तेही सांगितलं, "तुझ्या माहेरी चालत आसंल" तेसुद्धा, तिच्याच तोंडावर. शेजारच्या पलंगावरच्या बाया ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं.

तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता डबा उचलून जाईल, आणि गेली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "माझ्याबी घरात खिडकी लावत्यात," म्हणाली. "आज जाऊन उघडते. घ्या, भाकरी गार व्हतीया."

संध्याकाळी नणंदेला मी स्वतः फोन लावला. म्हणजे फोन अश्विनीनं कानाला धरला, बोलले मी. "सुनंनं मला दोनदा सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. गावात जेवढं बोललीस तेवढंच आता फिरून सांग." फोन ठेवल्यावर अश्विनी म्हणाली, "आत्या, दिवा तवाच विझला व्हता. मामांनी बादली वतली. तुमाला सांगू नगा म्हनाले." मला ते कुठंतरी आधीच कळलं होतं. विशाल तर ठणठणीत होता, रोज फोन करत होता.

चिमटे

घरी आले ती दोन महिन्यांनी, दिवाळी उलटून. दारातच कुकरची शिट्टी झाली आणि मी चप्पल न घालता गल्लीत पळाले. एसटीचा ब्रेक, सोड्याची बाटली, इस्त्रीवर पाण्याचा थेंब, कुठलाही 'स्स' ऐकला की मी दोन पावलं मागं सरकायचे. काडी ओढल्याचा आवाज तर नकोच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी किती महिने पाऊल टाकलं नाही ते मोजलं नाही. माझ्या घरातली एक खोली मला बंद झाली होती.

हाताचं मात्र अश्विनीनं धरूनच ठेवलं. दवाखान्यातून घट्ट हातमोजा दिला होता, दिवसरात्र घालायचा. त्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला. मी म्हटलं, "शिवणाऱ्याला उलटं-सुलटं कळत न्हाई का?" मग कळलं, नव्या कातडीला घासू नये म्हणून मुद्दाम तशा असतात. तीस वर्षांत मला कुणी शिवणकाम शिकवलं नव्हतं, ते त्या मोज्यानं शिकवलं.

सकाळी ती कणकेचा गोळा द्यायची, तो मुठीत दाबायचा. मूठ मिटायचीच नाही. दुपारी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे. अंगठा आणि बोट यांच्यात चिमटा धरून उघडायचा, एका डब्याच्या काठाला लावायचा. पहिले कित्येक दिवस एकही लागला नाही. मी डबा भिरकावला. ती उचलून आणायची. मी शिव्या दिल्या, ती म्हणायची, "द्या, पर बोटं हालवत द्या." कातडी ताणली की वाटायचं, आता फाटणार. रोज तीच भीती. संक्रांतीच्या आसपास एक चिमटा लागला. मालकांनी गल्लीत जाऊन सांगितलं, नातू झाल्यासारखं.

कात्री अजून नीट धरता येत नाही. काज-बटण करते, कडा दुमडून हेम घालते. कापायचं काम अश्विनी शिकली आहे, आणि कापड फार कंजूषपणे कापते.

यंदा

यंदा घट बसवायचा की नाही, यावर घरात चार दिवस कुणी बोललं नाही. शेवटी मीच म्हणाले, बसवायचा, पण पुढच्या खोलीत, मशीनशेजारी. समई काचेच्या आत. खिडक्या सगळ्या उघड्या.

तिसऱ्या माळेला सकाळी अकराच्या सुमारास अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या तोंडावरूनच मला कळलं. टाकी संपली होती.

मालक म्हणाले, "दिवा हितं, टाकी तिकडं. मधी दार लावू. लांब हाय की, राहू द्या."

विशाल पुन्हा बॉर्डरला आहे. तेच नवरात्र, तोच मुलगा, तोच दिवा. अश्विनी माझ्याकडे बघत होती, पण या वेळी तिनं काही सुचवलं नाही. तिनं सुचवायची गरज पडू नये, असं मला फार वाटलं.

मी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि समईपुढं बसले. काच काढली. वर्षभरात ज्योतीच्या एवढ्या जवळ मी गेले नव्हते. "आई यमाई, लेकरू तुझ्या पदरात हाय, माझ्या वातीवर न्हाई," एवढं म्हणाले आणि चिमटीत वात धरायला गेले. पहिल्यांदा बोटं जुळलीच नाहीत, चटका मात्र बसला. मी हात मागं घेतला आणि मोठ्यानं रडले. मालक पुढं आले, त्यांना मी अडवलं. दुसऱ्यांदा बोटं जुळली. चुर्र झालं आणि धूर वर गेला.

"जा," मी अश्विनीला म्हणाले.

मी आणि मालक अंगणात जाऊन उभे राहिलो. तिनं झाकण काढून आधी वॉशर बघितला, रेग्युलेटर बसवला, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघितलं. थोडा वेळ तशीच थांबली. मग हाक मारली, "झालं." मला काडी ओढता आली नाही. अजूनही येत नाही. समई तिनंच लावली.

दिवेलागणीला विशालचा फोन आला. नेहमीसारखा म्हणाला, "दिवा हाय न्हवं गं?"

'हाय की' माझ्या ओठांवर आलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

"आता हाय," मी म्हणाले. "पर सकाळी विझवला व्हता. टाकी बदलायची व्हती."



"कुणी विझवला?"

"मी."

"हातानं?"

"व्हय."

"कुठल्या हातानं, आई?"

"उजव्या," मी म्हणाले.